नवशिक्यांसाठी डब्बाबदल

डावं इंडिकेटर दिलं आणि वायपर फिरायला लागले, तर घाबरू नका. वणीत मे महिन्यात पाऊस पडत नाही, हे गाडीला कोणी सांगितलेलं नसतं. गाडी बाजूला घ्या आणि दोन मिनिटं थांबा. लालपुलियाच्या परिसरात असाल तर दोन मिनिटंही लागणार नाहीत. कोणीतरी खिडकीशी येईल, वायपरकडे बघेल, मान हलवेल आणि म्हणेल, "भाऊ, डब्बा गेला तुमचा."

डब्बा म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. डॅशबोर्डच्या मागे, फ्यूजच्या पेटीशेजारी बसलेली काळी प्लॅस्टिकची डबी. आकार जेवणाच्या डब्याएवढा, किंमत त्या डब्यातल्या काही वर्षांच्या जेवणाएवढी. पूर्वी बटणातून तार निघायची आणि सरळ दिव्यापर्यंत जायची. बटण दाबलं की दिवा लागायचा, मधे कोणी नसे. आता बटण दाबलं की नुसता अर्ज जातो. डब्बा तो अर्ज वाचतो, किल्ली चालू आहे का पाहतो, आणखी चार गोष्टी तपासतो आणि मग वाटलं तर दिव्याला मंजुरी देतो. इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हेडलाइट, दाराचं लॉक, सगळ्यांच्या फाइली एकाच टेबलावर. तहसिलात सातबाऱ्यासाठी एकदा तरी गेलेल्या माणसाला ही रचना समजायला जड जाऊ नये.

पायरी पहिली: गाडीत डब्बा आहे का, ते बघा

आपल्या जिल्ह्यात 'जुना ट्रक' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, ज्याला म्हातारी माणसं अजून 'बेंझ' म्हणतात तो. टाटांनी १९५४ मध्ये जर्मन कंपनीबरोबर ट्रक बांधायला सुरुवात केली, त्या काळची सवय जिभेवर राहून गेली. त्या घराण्यातली गाडी तुमच्याकडे असेल, तर हा लेख इथेच बंद करा. तुमच्या गाडीत डब्बा नाही. मूठभर तारा, चार फ्यूज आणि एक ड्रायव्हर एवढाच तिचा विद्युत विभाग. फक्त ब्रेक लागतात ना, तेवढं पाहून घ्या.

दुसरा जुना ट्रक म्हणजे माझ्यासारख्याचा. एमएच २९, मॉडेल २०१८, बीएस-४. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झालं आणि त्या तारखेनंतर बीएस-३ गाडी विकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या तीन दिवस आधी सांगितलं. मग मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांत जुन्या पद्धतीच्या गाड्या मिळेल त्या भावाने निघाल्या. माझ्या शेजाऱ्याने त्यातलीच एक उचलली. मी हसलो. म्हटलं, आपण थांबू आणि आधुनिक घेऊ. आज त्याचे वायपर त्याला हवे तेव्हा चालतात.

आधुनिक गाडीला डिझेलबरोबर युरियाचं पाणीही लागतं. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो, शेतातला चालत नाही. पण घरी आईला हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "गाडी युरिया पेते, मंग कपाशीले काय देतं?"

आठ वर्षांच्या गाडीला जुनी म्हणू नये, असं पुण्या-मुंबईचे लोक म्हणतील. कोळशाच्या गाडीचं वय कॅलेंडरवर मोजत नाहीत. उकणी किंवा जुनाडच्या खाणीतून ती रोज काळी होऊन निघते. राजूरच्या चुन्याच्या भट्ट्यांकडे फेरी लागली की पांढरी होऊन येते. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस अंश असेल, तर डॅशबोर्डच्या आत किती, हे विचारू नये. आणि कायदाही माझ्याच बाजूचा आहे. व्यापारी गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी एकदा फिटनेस लागतो, आठ ओलांडली की दरवर्षी. सरकारलाही ती जुनी वाटते.

पायरी दुसरी: निदान

निदानासाठी कमीत कमी चार माणसं जमवा. ती जमवावी लागत नाहीत.

ड्रायव्हर म्हणेल, अमावास्येला लिंबू-मिरची बदलली नव्हती. वायरमन बोनट न उघडता म्हणेल, डब्बा. मोठ्या वर्कशॉपमधला पोरगा स्कॅनर लावेल, पडद्यावर अकरा दोष दिसतील, तो अकराही मोठ्याने वाचून दाखवेल आणि म्हणेल, डब्बा. पुतण्या, ज्याने कालच मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आहे, तोही म्हणेल, "काका, डब्बाच आहे." वैद्यांचं एकमत झालं की रोगी घाबरतो. गाडीच्या बाबतीत उलट होतं, मालकाला धीर येतो. एकमताचं कारण सोपं आहे. डब्ब्याला बोलता येत नाही आणि तो उघडून दाखवा म्हणणारं कोणी नसतं. अकरा दोष एकाच क्षणी कसे आले, त्यांच्या मुळाशी एकच कारण असेल का, हे स्कॅनर सांगत नाही. ते माणसाने विचारायचं असतं. आम्ही विचारलं नाही.

डब्बे जातात, हे मात्र खरं. कशाने जातात, ते मी नंतर शिकलो आणि शिकलेलं लपवून ठेवण्याचा माझा स्वभाव नाही.

पहिला शत्रू वेल्डिंग. टिप्परची बॉडी कोळशाने भेगाळते आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिला वेल्डिंगचा टाका पडतोच. वेल्डर गाडी थांबवतो, अर्थचा चिमटा हाताला येईल तिथे चेसीला लावतो आणि सुरू करतो. शेकडो अँपिअरचा प्रवाह चेसीतून परतीची वाट शोधत हिंडतो आणि वाटेत कोणाचा डब्बा लागतो का, ते बघतो. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल सोडायचे, डब्ब्याचे आणि इंजिनच्या संगणकाचे कपलर काढायचे, चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावायचा, एवढं केलं तर गाडी वाचते. आमच्या वेल्डरला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "भाऊ, बाप माझा पण वेल्डिंगच करत होता." त्याच्या बापाच्या काळात गाडीत डब्बा नव्हता, हे सांगायचं राहून गेलं.

दुसरा शत्रू दसरा. गाडीची पूजा असते, म्हणून आदल्या दिवशी तिला आंघोळ. प्रेशरच्या पाण्याने केबिन आतून धुवायची, डॅशबोर्डखाली पाइप घालायचा, तिथली आठ वर्षांची धूळ निघाली की धन्य व्हायचं. त्या धुळीत कोळसा असतो. कोळशाची ओली धूळ कपलरच्या पिनांमध्ये बसली की ज्या पिनांनी एकमेकींशी बोलायचं नाही, त्या बोलायला लागतात. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात वायरमनकडे गर्दी असते. तो याला सीझन म्हणतो.

तिसरा शत्रू हौस. पुढे निळ्या लाइटची माळ, मागे लाल, संगीत हॉर्न, शिवाय जीपीएस, तो तर कोळशाच्या गाडीला लागतोच. प्रत्येकाचा वायरमन वेगळा आणि प्रत्येकाने ब्लेडने तार सोलून मधेच गुंडाळी मारलेली. डब्ब्याच्या आत तारेचा फ्यूज नसतो, तिथे छोटे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. त्यांना एका बल्बची सवय असते. त्याच तारेवर सहा दिवे टांगले की ते आधी दमतात, मग मरतात.

चौथा उंदीर. सरकीच्या पोत्यांच्या फेऱ्या झाल्या की गाडीत एखादा राहून जातोच. पुढचं तुम्ही समजून घ्या.

पायरी तिसरी: साहित्य

दहाचा आणि तेराचा पाना, पक्कड, बारीक पेचकस, मीटर, टेस्ट लॅम्प, टॉर्च धरायला एक पुतण्या. सुटे भाग काढण्याआधी प्रत्येक कपलरचा मोबाइलवर फोटो काढा. हातोडा घरी ठेवा. तो दिसला की वापरावासा वाटतो.

पायरी चौथी: बॅटरी सोडा

ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. आधी निगेटिव्ह सोडा. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना चेसीला टेकला, तर आतषबाजी होते आणि पाना तिथेच चिकटतो. निगेटिव्ह सुटल्यावर पॉझिटिव्ह सोडताना पाना चेसीला टेकला, तरी काही होत नाही. मग दहा मिनिटं थांबा, डब्ब्याला झोप लागू द्या. या दहा मिनिटांत चहा होतो.

आमची बॅटरी सोडताना तिच्यातून एक बारीक लाल तार निघालेली दिसली. टेप बारा व्होल्टचा, गाडी चोवीसची, म्हणून कोणीतरी एकाच बॅटरीवरून टेपची जोडणी केली होती. अशी जोडणी केली की एक बॅटरी रोज रिकामी होते, दुसरी रोज जास्त भरते आणि दोघीही लवकर जातात. मधे कन्व्हर्टर लावायचा असतो. ही तार कोणी जोडली, असं मी विचारलं. सगळे चहा प्यायला निघून गेले.

पायरी पाचवी: डब्बा पैदा करा

नवा डब्बा घ्यायचा, तर त्या पैशांत एकरभर कपाशीचं बी, खत आणि दोन फवारण्या होतात. म्हणून पुतण्या नागपूरला गेला आणि भंगारातून एक जुना घेऊन आला. तसाच दिसणारा, तेवढेच कपलर, तोच रंग. माझ्या वडिलांनी रंगनाथ स्वामीच्या जत्रेत आयुष्यभर बैल घेतले, पण दात बघितल्याशिवाय कधी दावं हातात धरलं नाही. आम्ही डब्ब्याचे दात बघितले नाहीत. डब्ब्याचे दात म्हणजे त्याच्या मागच्या चिठ्ठीवरचा पार्ट नंबर. शेवटची दोन अक्षरंही जुळावी लागतात, कारण त्याच कंपनीच्या त्याच गाडीचे चार प्रकार निघतात आणि प्रत्येकाच्या डब्ब्याला वेगळं शिकवलेलं असतं.

पायरी सहावी: बसवा

हे काम खरं तर सगळ्यात सोपं, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. डब्ब्याला हात लावण्याआधी उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज सोडून द्या. कोरड्या हवेत एवढ्याशा ठिणगीनेही आतले भाग जातात. कपलर तारा धरून ओढू नका, खटका दाबून काढा. बोल्ट तीन-चार असतात, त्यातला एक हमखास डॅशबोर्डच्या आत पडतो आणि गाडी विकेपर्यंत तिथेच वाजत राहतो. नवा लावा, फोटो पाहून कपलर बसवा, खट् आवाज येऊ द्या. मग आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह.

पायरी सातवी: गाडी सुरू होत नाही

होणारच नाही. किल्लीत एक बारीक चिप असते आणि डब्बा तिला ओळखतो. भंगारातला डब्बा कुठल्यातरी दुसऱ्या गाडीच्या किल्लीशी लग्न करून बसलेला होता. तुमची किल्ली त्याला परकी. सेल्फ मारला तर आवाजसुद्धा नाही.

आता लॅपटॉपवाला लागतो आणि तो नागपूरहून येतो. इथे मला थोडं थांबायचं आहे. आमच्या वणीत असे मिस्त्री होते, जे इंजिनच्या झाकणावर लांब पेचकसाचं टोक ठेवून मूठ कानाला लावायचे आणि कोणत्या सिलिंडरचा टॅपेट ढिला आहे ते सांगायचे. पांढरकवड्याच्या हायवेवर मध्यरात्री बंद पडलेली गाडी त्यांनी सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने आणि साबणाच्या वडीने पहाटेपर्यंत चालू केलेली मी पाहिली आहे. असाच एक जण लॅपटॉपवाल्याच्या मागे उभा राहून पडद्याकडे बघत होता. पडद्यावर पासवर्डची चौकट होती. गाडी समोर, हातात पाना, चाळीस वर्षांचा अनुभव, आणि मधे आठ ठिपके. तो काही बोलला नाही. कपड्याला हात पुसले आणि बिडी पेटवायला बाहेर गेला. गाडी मी विकत घेतली आहे, हप्ते मी भरले आहेत, पण तिच्या हॉर्नची परवानगी कोणाच्या तरी लॅपटॉपमध्ये आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

लॅपटॉपवाल्याने भंगारातला डब्बा हातात घेतला, पार्ट नंबर पाहिला आणि परत दिला. मग नवा आला. एकरभर कपाशी गेली. त्याने त्यात गाडीचा चेसी नंबर भरला, प्रकार निवडला, दोन्ही किल्ल्यांची ओळख करून दिली. अर्ध्या तासाचं काम. गाडी सुरू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लॅपटॉपवाला पैसे घेऊन नागपूरच्या गाडीत बसला.

ड्रायव्हर गाडी घेऊन निघाला. मारेगावच्या वळणावर त्याने डावं इंडिकेटर दिलं. वायपर फिरायला लागले.

पायरी आठवी, जी पहिली असायला हवी होती

बिडी पेटवायला गेलेला तो मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. हातात टेस्ट लॅम्प, म्हणजे एक बल्ब, दोन तारा आणि एक सुई. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "काहून बदलला डब्बा? अर्थ पाह्यली होती का कोणी?"

कोणी पाहिली नव्हती.

आमची केबिन पुढे कलणारी. ती रबरावर बसते, म्हणून चेसीशी तिचा लोखंडी संबंध जवळजवळ नसतो. तो जोडायला तांब्याच्या बारीक तारांची वेणीसारखी विणलेली एक पट्टी असते, एक टोक केबिनला, एक चेसीला. केबिनमधल्या प्रत्येक दिव्याची, मोटरची आणि खुद्द डब्ब्याची वीज याच पट्टीने बॅटरीकडे परत जाते. मिस्त्रीने केबिन कलती केली. पट्टीचं चेसीकडचं टोक हिरवं पडलेलं, अर्ध्या तारा तुटलेल्या, आणि बोल्टखाली मागच्या वर्षी मारलेल्या रंगाचा थर. रंगातून वीज जात नाही.

त्याने हेडलाइट लावायला सांगितले आणि मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी केबिनच्या उघड्या पत्र्यावर ठेवली. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की समजावं, वाट अडली आहे. आमचा मीटर पाच दाखवत होता.

मग त्याने जे समजावलं, ते पुतण्याच्या व्हिडिओत नव्हतं. "धुऱ्यावरची नाली बुजली की पाणी थांबते का? थांबत नाही. थे शेजाऱ्याच्या तुरीत घुसते. तशीच वीज आहे राजेहो." इंडिकेटरची वीज परत जायला वाट नाही, म्हणून ती वायपरच्या तारेतून, डब्ब्याच्या आतून, जिथून फट मिळेल तिथून वाट काढत होती. डब्बा बिचारा पाच व्होल्टच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभा राहून जे ऐकू येईल त्यावर मंजुऱ्या देत होता. त्याला वाटलं, कोणीतरी वायपर मागितला. अकरा दोष स्कॅनरने खरेच दाखवले होते. ते डब्ब्याचे नव्हते, पट्टीचे होते.

म्हणून नवशिक्यांनो, क्रम असा ठेवा. आधी बॅटरीचे टर्मिनल, मग सगळ्या अर्थ, मग फ्यूज आणि रिले, मग कपलरच्या पिना, मग तारेवरच्या गुंडाळ्या. हे सगळं बरं निघालं तर बॅटरी सोडून, संगणकांना जोडणाऱ्या पीळ दिलेल्या दोन तारांमध्ये मीटर लावा. त्या जोडणीला कॅन म्हणतात. ती एका जर्मन कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडली. त्याच वर्षी आपल्याकडे ४०७ आली आणि अजून धावते आहे. कॅनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोध असतात, म्हणून मीटरने साठ दाखवायला हवेत. १२० दाखवले तर एक टोक तुटलं आहे, शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. तेही ठीक असेल, डब्ब्याला वीज आणि अर्थ पुरेशी मिळत असेल, बटणाचा अर्ज आत पोहोचत असेल आणि तरीही बाहेर मंजुरी निघत नसेल, तरच डब्बा गेला असं म्हणा. तोवर लालपुलियावर कोणी काहीही म्हणो.

मिस्त्रीने दोन्ही टोकं पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासली, नवी पट्टी लावली, वरून ग्रीस चोपडलं. पट्टीचे दीडशे रुपये. मजुरी विचारली तर म्हणाला, "चहा सांगा." यवतमाळला फिटनेसला गाडी गेली तेव्हा शंभराहून जास्त किलोमीटरच्या त्या वाटेवर पावसाचा थेंब नव्हता आणि वायपर जागचे हलले नाहीत. गाडी पास झाली.

विकणे आहे: दोन डब्बे. पहिला आमच्या गाडीतून काढलेला, अगदी उत्तम स्थितीत, त्यात कधीच बिघाड नव्हता. दुसरा नागपूरच्या भंगारातला. पहिला फक्त आमच्या गाडीच्या किल्लीला ओळखतो आणि दुसरा कोणाच्या गाडीला ओळखतो, ते शोधून काढावं लागेल. दोन्ही मिळून किमतीचं बोलून घेऊ. सोबत एक बोल्ट कमी आहे, तो डॅशबोर्डमध्ये वाजतो आहे.